कंसातली वजाबाकी

लॉर्ड रॅले यांचा हा लेख जेमतेम तीन पानांचा. 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'च्या १८८२ सालच्या चौदाव्या खंडात, पान १८४ ते १८६. शीर्षक कोरडं, मराठीत सांगायचं तर 'विजेने भारलेल्या वाहक द्रवपिंडांचा समतोल'. त्यात धुळीबद्दल काही नाही, धुराबद्दल नाही, श्वासाबद्दल तर नाहीच. तरी हवेतले बारीक कण पाण्याच्या भारित थेंबांनी टिपून घ्यायची जी विद्या पुढे उभी राहिली, तिचं कुंपण या तीन पानांनी आधीच घालून ठेवलं होतं. कवितेचं करतात तसं या लेखाचं रसग्रहण करावं, असं शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचो तेव्हापासून माझ्या मनात होतं. लिहायला कारण झाली मावशी.

आम्ही हैदराबादेत नामपल्लीला राहतो, स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर. नांदेड निजामाच्या राज्यात होतं तेव्हापासून आमच्या घराची वाटणी ठरलेली: नोकरी इकडे, सोयरीक तिकडे. नांदेडची मावशी आता ऐंशीच्या घरात आहे. तिला जुना दमा आहे, आणि मृग लागायच्या आदल्या दिवशी ती आमच्याकडे हजर असते. मृगाच्या सुमारास इथल्या एक्झिबिशन ग्राउंडवर बथिनी गौड कुटुंब दमेकऱ्यांना माशाचा प्रसाद देतं. मरळीच्या बोटभर जिवंत पिल्लाच्या तोंडात वनस्पतींचा लेप भरतात आणि ते पिल्लू रुग्णाला गिळायला देतात. जे मासे खात नाहीत त्यांना लेप गुळातून मिळतो. पैसे घेत नाहीत. वैद्यकशास्त्राने या प्रसादाचा गुण मान्य केलेला नाही. मावशीला मी ते सांगितलेलं आहे, आणि तिचा पंप पिशवीत आहे ना, हे रांगेत उभं राहण्याआधी मी पाहून घेतो. पण ती रांग दरवर्षी पाहतो आणि गप्प होतो. कुठकुठल्या राज्यांतून आलेली हजारो माणसं, आणि सगळ्यांना हवी ती एकच गोष्ट: पुरा श्वास.

गेल्या मृगात संध्याकाळी एक चांगली सर आली. मावशी गच्चीच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. म्हणाली, "पाऊस पडला की छाती हलकी होते बघ. धूळ बसते सगळी."

"सगळी नाही बसत, मावशी. जाडी बसते. बारीक राहते."

"मग ती कशाने बसते?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला रॅलेंची तीन पानं काढावी लागली.

आधी पाऊस कुठे कमी पडतो ते सांगतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, आणि फुप्फुसात खोलवर जाणारे कण अडीच मायक्रॉनच्या आतले. आता थेंब खाली येतो तेव्हा काय होतं? मोहरमच्या दहाव्या दिवशी बीबी का आलम हत्तीवरून निघतो, तेव्हा गर्दीचं काय होतं ते हैदराबादेत राहणाऱ्याला ठाऊक आहे. हत्ती चालत येतो तशी माणसं अलगद दोन्ही बाजूंना सरकतात, त्याला कोणी धडकत नाही. धडकतील ते दोघेच. एक, धावत आलेला आणि वेग न आवरणारा जाडजूड गडी. दुसरं, दिशा न कळता इकडेतिकडे भरकटणारं पोर. जाड कण त्या गड्यासारखे. हवा थेंबाला वळसा घालते तेव्हा ते वळू शकत नाहीत, जडत्वाने थेंबावर आदळतात. अतिसूक्ष्म कण त्या पोरासारखे. हवेच्या रेणूंचे धक्के खात भटकतात आणि भटकता भटकता थेंबाला चिकटतात. मधले, म्हणजे ढोबळपणे एक दशांश मायक्रॉन ते एक-दोन मायक्रॉन एवढे, शहाण्या गर्दीसारखे सरकून निघून जातात. अमेरिकेत ग्रीनफील्ड नावाच्या शास्त्रज्ञाने १९५७ साली, अणुस्फोटातली किरणोत्सारी धूळ पावसाबरोबर खाली कशी येते हे तपासताना, ही मधली फट दाखवून दिली. आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. हेच मधले कण हवेत सगळ्यात जास्त काळ तरंगतात. मावशीच्या छातीत जे उतरतं त्यातलं बरंचसं या फटीतलं.

थेंबाला विद्युतभार दिला की हत्तीने सोंड लांबवल्यासारखं होतं. कणावर विरुद्ध जातीचा भार असेल तर तो लांबूनच ओढला जातो. कणावर भार नसला तरी भारलेल्या थेंबाजवळ आल्यावर त्याच्या जवळच्या अंगाला विरुद्ध भार जमतो, आणि अगदी लगटून जाणारा कण तेवढ्यानेही अडकतो. मग साहजिकच वाटतं की थेंबाला हवा तेवढा भार द्यावा. किती द्यावा? रॅलेंचा लेख इथे उघडतो.

पहिल्याच वाक्यात ते सांगतात की ज्याच्यावर दुसरं कुठलंही बल नाही असा भारलेल्या द्रवाचा गोल अस्थिर समतोलात असतो, कारण त्याच्या अंगचा भार त्याला आतून लोटत असतो. आम्ही वर्गात उलट्या रीतीने शिकवतो. आधी पृष्ठताण सांगायचा, त्यामुळे थेंब गोल कसा राहतो ते सांगायचं, मग त्यावर भार चढवायचा. रॅले थेंबाला त्याच्या कातडीशिवाय समोर आणतात. नाटकाचा पडदा वर जावा, घरातला कर्ता माणूस गावाला गेलेला असावा, आणि बाकीच्यांची एकमेकांपासून दूर जायची ओढ पहिल्या प्रवेशातच उघडी पडावी, तसं हे वाक्य आहे. पृष्ठताण अजून रंगमंचावर आलेला नाही. तो येईल तेव्हा त्याची किंमत वाचकाला कळलेली असेल. मी हे वाक्य तिशीत वाचलं तेव्हा फक्त विधान म्हणून वाचलं. आता त्यातली बांधणी दिसते.

यानंतरची चाल 'किंचित' या शब्दावर उभी आहे. गोल किंचित बिघडला असं धरा, म्हणतात. मोठा बिघाड नको, किंचितच. हा बिघाड ते लाप्लासच्या श्रेणीत मांडतात, म्हणजे कुठलाही वेडावाकडा आकार साध्या आकारांची बेरीज म्हणून लिहितात. प्रत्येक साध्या आकाराला एक क्रमांक. त्याला आपण 'न' म्हणू. न २ असेल तर थेंब लिंबासारखा दोन टोकांकडे ताणलेला. न ३ असेल तर नासपतीसारखा. क्रमांक वाढेल तशा अंगावरच्या सुरकुत्या वाढत जातात. गायकाने राग मांडायच्या आधी एकेक स्वर निराळा लावून दाखवावा, तशी ही तयारी आहे, आणि ती अर्ध्या पानात उरकते. रॅलेंच्या गद्यात तयारीचा बडेजाव नसतो.

मग पृष्ठताण येतो, आणि त्याच्याबरोबर तो कंस.

किंचित बिघडलेला थेंब पूर्ववत होण्यासाठी थरथरतो. ती थरथर किती जलद, त्या गतीचा वर्ग रॅले काढतात. कंसाबाहेर: 'न' गुणिले 'न उणे १', त्याला भागिले द्रवाची घनता आणि त्रिज्येचा घन. कंसात दोनच पदं. पहिलं: 'न अधिक २' गुणिले पृष्ठताण. दुसरं: विद्युतभाराचा वर्ग, भागिले चार पाय गुणिले त्रिज्येचा घन. आणि दोहोंच्या मध्ये वजाबाकीचं चिन्ह.

सगळा लेख त्या एका चिन्हासाठी लिहिला आहे, असं माझं वाचन आहे. डावीकडे थेंबाला धरून ठेवणारं, उजवीकडे त्याला उधळू पाहणारं. वजाबाकीचं उत्तर धन असेल तोवर थेंब थरथरतो आणि पुन्हा गोल होतो. भार वाढत गेला की उत्तर लहान होतं, थरथर मंदावते. उत्तर शून्य झालं की थेंबाला आपला गोल आकार आठवेनासा होतो. ऋण झालं की गतीचा वर्ग ऋण. म्हणजे थरथर उरलीच नाही, किंचित बिघाड आपोआप वाढत जाणार. फुटणं हे रॅले कुठल्याही धक्क्याने दाखवत नाहीत. थरथर हळूहळू थांबते, त्या थांबण्यात ते दाखवतात. एखाद्याचा आवाज चढत जाण्यापेक्षा खाली जात जाऊन बंद होणं जास्त भयाचं असतं, तशी ही मांडणी आहे.

कंसाबाहेरच्या 'न उणे १' कडेही नजर जायला हवी. 'न' १ असेल तर ते पद शून्य होतं आणि सगळंच शून्य होतं. का? कारण न १ म्हणजे आकार न बदलता अख्खा थेंब जरासा बाजूला सरकणं, आणि सरकलेल्या थेंबाला परत आणणारं काही नसतं, त्याची गरजही नसते. समीकरणाला कोणी हे बजावून सांगितलेलं नाही, तरी ते जाणतं. कंसातल्या 'न अधिक २' चं सांगणं वेगळं. सुरकुत्या जितक्या जास्त, तितका पृष्ठताणाचा विरोध जास्त. म्हणजे सगळ्यात आधी शरण जाणार तो सगळ्यात साधा आकार, न २. थेंब आधी लिंबू होतो. तेव्हा कंसात पृष्ठताणाची चौपट आणि तिच्याविरुद्ध भाराचा हिस्सा. दोन्ही बरोबरीचे झाले की मर्यादा आली. हिलाच आज रॅले मर्यादा म्हणतात.

आणि भाराचा वर्ग आहे, हेही विसरू नये. वर्गात धन-ऋण हा भेद पुसला जातो. थेंबावर कुठल्या जातीचा भार आहे याची फुटण्याला पर्वा नाही. धूळ धरण्याला मात्र ती आहे, कारण भारलेला कण लांबून ओढून घ्यायचा तर थेंब आणि कण विरुद्ध जातीचे हवेत. एकच भार, फुटताना त्याला जात नाही, धरताना आहे.

आता आकडे, कारण मावशीने विचारलं होतं. एक मिलिमीटर व्यासाच्या पाण्याच्या थेंबावर रॅलेंच्या हिशेबाने जास्तीत जास्त सुमारे १४० कोटी इलेक्ट्रॉनांएवढा भार मावतो. त्याच्या दशांश, म्हणजे १०० मायक्रॉन व्यासाच्या थेंबावर सुमारे साडेचार कोटी. व्यास दहापट लहान झाला, भार मात्र शंभरपट किंवा हजारपट न घटता सुमारे ३२ पटच घटला. म्हणून मोठा थेंब फोडून त्याचे हजार लहान थेंब केले, तर पाणी तेवढंच राहून सगळ्यांवर मिळून सुमारे ३२ पट भार मावतो. पाणी फवारायचं तर बारीक का फवारावं, याचं कारण त्रिज्येच्या त्या घनात लपलेलं आहे. रॅले ते उलगडत बसत नाहीत. सूत्रात ठेवतात आणि पुढे जातात.

पुढे जातात ते माझ्या सगळ्यात आवडत्या वाक्याकडे. भार मर्यादेच्या पुष्कळ पलीकडे गेला तर काय होईल? त्यांचं सांगणं असं की अशा वेळी सगळ्यात जोराने वाढतो तो बिघाड मोठ्या क्रमांकाचा, पण अनंत क्रमांकाचा नाही. द्रव बारीक धारांच्या रूपात बाहेर फेकला जातो, आणि त्या धारांच्या बारीकपणालाही हद्द असते. पूर्वार्धात स्फोट आहे, उत्तरार्धात संयम. फुटण्यालाही किती बारीक फुटावं याची मर्यादा आहे, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी नाही, गणिताने पाहिलं होतं. तो क्षण पकडणारे कॅमेरे तेव्हा नव्हते. २००३ साली जर्मनीतल्या संशोधकांनी हवेत अधांतरी धरलेल्या एका सूक्ष्म थेंबाची छायाचित्रं 'नेचर'मध्ये छापली. गोल थेंब, मग लिंबू, मग लिंबाच्या दोन्ही टोकांतून केसासारख्या दोन धारा, आणि पुन्हा गोल. तेवढ्यात थेंबाचा सुमारे तिसरा हिस्सा भार गेला, वजन मात्र हजारातले तीन भागच. ती चित्रं पाहिली त्या दिवशी मी एकशे एकवीस वर्षांपूर्वीचं ते वाक्य पुन्हा काढून वाचलं.

महाराष्ट्रातही या वाक्याचे वाचक आहेत. पवईच्या आयआयटीत रोचिश ठावकर आणि वाय. एस. मय्या यांच्या गटाने भारित थेंब विद्युतक्षेत्राच्या सापळ्यात तरंगत ठेवून त्याचं फुटणं जलद कॅमेऱ्याने टिपलं. त्यांना दोन्हीकडे सारख्या धारा दिसल्या नाहीत. थेंबाच्या वजनामुळे तो सापळ्याच्या मध्यावरून ढळतो, आणि धार एकाच टोकातून सुटते. फुटणंही रॅलेंच्या आकड्याच्या जरा अलीकडेच होतं. 'किंचित' हा शब्द रॅलेंनी इतक्या जपून का वापरला होता ते इथे कळतं. बिघाड किंचितच्या वर गेला की कंसातली वजाबाकी पुरी पडत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत ए. के. कामरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खालून वर वाहणाऱ्या हवेच्या बोगद्यात पाण्याचे थेंब तरंगत ठेवले आणि भारित थेंब कसे फुटतात ते पाहिलं. त्यांचा प्रश्न ढगांचा होता. थेंब तोच.

या लेखाशेजारी रॅलेंचाच आणखी एक लेख ठेवून वाचावा, नाहीतर अर्थ अर्धाच हाती येतो. तीन वर्षं आधी, १८७९ साली, त्यांनी एकमेकांवर आपटणाऱ्या थेंबांवर विजेचा परिणाम काय होतो ते लिहिलं होतं. वर उडणाऱ्या कारंज्याची बारीक धार थेंबाथेंबांत तुटते, आणि ते थेंब एकमेकांवर आपटून टणकन उडतात, म्हणून कारंजं विस्कटतं. जवळ घासलेल्या लाखेची कांडी आणली, अगदी दुबळी वीज दिली, की तेच थेंब आपटल्यावर एकमेकांत मिसळतात आणि विस्कटलेलं कारंजं एकत्र येतं. थोडी वीज जोडते. खूप वीज फोडते. १८७९चा लेख पहिलं सांगतो, १८८२चा दुसरं. धूळ धरणाऱ्या थेंबाची जागा या दोन लेखांच्या मध्ये आहे, हे मला सांगायचं आहे. थेंब एवढा भारलेला हवा की त्याने कणाला ओढावं, आणि त्याने स्वतःला सांभाळावं.

ज्याने हे दोन्ही लिहिलं तो माणूस १८८२ साली केंब्रिजला मॅक्सवेलच्या खुर्चीवर होता, आणि हवेतल्या कणांकडे पाहायची त्याला सवयच होती. १८७१ साली त्याने आकाशाच्या निळेपणाचं गणित मांडलं. १८९७-९८च्या हिवाळ्यात तो भारतात येऊन गेला, आणि पुढच्याच वर्षी छापलेल्या लेखात, दार्जिलिंगहून इतक्या लांबचं एव्हरेस्ट उजळ दिसतं, याचा त्याने हवेच्या स्वच्छतेचा पुरावा म्हणून उपयोग केला. जानेवारीत नुमाइशीच्या दिव्यांच्या माळांभोवती पांढुरकी झाक दिसते तेव्हा मला त्या एव्हरेस्टची आठवण होते. १९३८ साली पब्लिक गार्डनमध्ये सुरू झालेलं हे प्रदर्शन १९४६पासून मावशीच्या रांगेच्याच मैदानात भरतं. दीड महिना रोज तिथे किती पावलं धूळ उडवत असतील.

यंत्रांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण लेखाचा रस यंत्रांत कमी आहे. भार द्यायची सगळ्यात सुबक रीत केल्विनने १८६७ साली दाखवली होती, आणि ती मी दरवर्षी वर्गात करून दाखवायचो. डालड्याचे चार डबे. दोन बुडं काढलेले, दोन अख्खे. वरून पाण्याच्या दोन बारीक धारा बुडं काढलेल्या डब्यांतून खाली अख्ख्या डब्यांत पडतात. उजवीकडचा वरचा डबा तारेने डावीकडच्या खालच्या डब्याला जोडलेला, डावीकडचा उजवीकडच्याला. बॅटरी नाही, घासणं नाही. कुठेतरी नगण्य भार आधीच असतो. तो धारेत विरुद्ध भार ओढतो, तो खालच्या डब्यात साठतो, तिथून तारेने समोरच्या वरच्या डब्यात जातो आणि दुप्पट जोमाने तेच करतो. मिनिटभरात थेंब सरळ पडेनासे होतात, डब्याच्या तोंडातून बाजूला उडायला लागतात, आणि तारा जवळ आणल्या की ठिणगी. पोरं ओरडायची. आजच्या भारित फवाऱ्यांत नळीच्या तोंडाशी बसवलेलं कडं हेच काम करतं, फक्त त्याला बाहेरून काही किलोव्होल्ट दिलेले असतात.

ऑलिव्हर लॉजने १८८४ साली काचेच्या भांड्यातला धूर विजेच्या टोकाने निवळून दाखवला. वेस्टिंगहाउस कंपनीतल्या गेलॉर्ड पेनी यांना १९४४ साली भारित फवाऱ्याने धूळ पकडण्याच्या यंत्राचं अमेरिकी पेटंट मिळालं. वॉशिंग्टन विद्यापीठात मायकेल पिलाट यांच्या गटाने १९७४ साली छापलेल्या प्रयोगात, थेंब आणि कण यांना विरुद्ध भार दिल्यावर एकूण पकड सुमारे ६९ टक्क्यांवरून सुमारे ९४ टक्क्यांवर गेली. पाणी तेच, हवा तीच. आपल्याकडे चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेने दहा-वीस मायक्रॉनचे भारित थेंब उडवणारं फवारणी यंत्र केलं, आणि २०२०च्या साथीत निर्जंतुकीकरणासाठी ते नागपूरच्या राइट वॉटर सोल्यूशन्स या कंपनीकडे उत्पादनाला दिलं. तिथे थेंबाने कण पकडायचा नसतो, पृष्ठभाग पकडायचा असतो. हैदराबादेत तार्नाक्याच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतही रॅलेंचे थेंब फुटत असतात, वस्तुमान मापण्याच्या यंत्रांत. भारित थेंब सुकत जातो, भार मात्र तेवढाच राहतो, त्रिज्या घटत घटत मर्यादेला येते आणि थेंब फुटतो. पुन्हा सुकतो, पुन्हा फुटतो, शेवटी आतले रेणू भार घेऊन मोकळे होतात. त्या युक्तीबद्दल जॉन फेन यांना २००२ सालचं नोबेल मिळालं.

शहरांत धूळ दाबायला तोफेसारखे पंखे लावलेल्या ज्या गाड्या फिरतात, त्यांच्या फवाऱ्याला सहसा भार नसतो. ते थेंब त्या हत्तीसारखे: जाडी धूळ बसवतात, मधले कण बाजूला सरकून जातात. मावशीने पावसाबद्दल जे म्हटलं तेच त्यांच्याबद्दल खरं आहे. भारित फवारा चिमणीच्या नळकांड्यात, गिरणीत, बंदिस्त जागेत चांगला चालतो. उघड्या रस्त्यावर वारा थेंब पळवतो. शिवाय धूळ पकडलेलं पाणी म्हणजे गाळ, त्याचं पुढे काय करायचं हा प्रश्न उरतोच.

लेखात मला एक उणीव जाणवते, आणि रसग्रहणात ती लपवू नये. रॅलेंचा थेंब एकटा आहे. त्याच्याभोवती हवा नाही, दुसरा थेंब नाही, तो पडत नाही, सुकत नाही. न २ चं गणित झालं, बारीक धारांचं वाक्य झालं, की ते थेंबाला तिथेच सोडून भारित दंडगोलाकडे वळतात, तीच मांडणी दोन मितींत करतात. पहिल्यांदा वाचताना मला त्या वळणावर रागच आला होता. एवढ्या मोठ्या वाक्यानंतर थोडं थांबायला नको का? आता वाटतं की ते थांबले असते तर थेंबाविषयी बोलले असते, आणि त्यांना बोलायचं होतं समतोलाविषयी. हवा, धूळ, पडणं, सुकणं ही पुढच्यांची कामं. कंस मात्र कोणाला बदलावा लागलेला नाही.

मावशीला मी हे सगळं सांगितलं नाही. लिंबाचं सांगितलं, हत्तीची सोंड सांगितली, डब्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "मग काढ की डबे. दाखव."

"आत्ता जमत नाही गं. मृगाची हवा दमट. डब्यांच्या आधारावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि भार गळून जातो. जानेवारीत हवा कोरडी असते, तेव्हा ठिणगी चांगली येते."

"जानेवारीत माझी छाती भरलेली असते रे. तेव्हाच तर धूळ."

"हो. तेव्हाच."

बाहेर सर ओसरली होती. तिने पदर सारखा केला, पिशवीतला पंप चाचपून पाहिला आणि म्हणाली, "येईन. नुमाइश लागली की येते. पण डबे घासून ठेव, डालड्याचा वास मला चालत नाही."

मी माळ्यावर चढून पाहिलं. चारांपैकी तीन सापडले.